वेलाच्या उंचीनं

वामनरावमामांची भाड्याची बैलांची दमणी नदीचा उतार उतरताना दिसली, तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी आधी धाकट्या लेकाकडे पाहिलं. इंद्रभान पानमळ्याच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बाजेवर पडला होता. डोळे उघडे होते, पण नजर कशावर टेकलेली नव्हती. लिंबाची पिकली पानं अंगावर पडत होती आणि तो ती झटकत नव्हता.

फाल्गुन सरत आला होता. सातपुड्याकडून येणारा वारा दुपारी कोमट व्हायचा, आणि डोंगरात मोहाखाली कुणी पाला पेटवलेला असला की त्याचा धूर त्या वाऱ्यात विरघळून यायचा. अशा हवेत सगळंच लांबचं वाटतं. अन्नपूर्णाबाईंना आपला लेकही तसाच लांब गेल्यासारखा वाटत होता. हाताच्या अंतरावर असून लांब.

गेल्या श्रावणात तो पडला. आधाराच्या पांगाऱ्याला शिडी लावून वरचे पानवेल बांधत होता. पांगारा आतून किडलेला निघाला. खोड मोडलं, शिडी गेली, शिडीबरोबर इंद्रभान गेला. मांडीचं हाड मोडलं. वरवटच्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला आणि हाड जुळलंही, पण पाय दोन बोटं आखूड राहिला. पौषात जळगावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय वाकवून, दाबून पाहिला आणि थोरल्या अर्जुनरावाला सांगितलं, "आता याला कामाला लावा. पण एकदम नाही, थोडं थोडं." परतीच्या वाटेवर गाडीत अन्नपूर्णाबाईंनी यातला 'कामाला' हा शब्द जणू ऐकलाच नव्हता.

दमणी फाटकाशी थांबली. मामा देऊळगाव राजाहून निघून, रेल्वेनं नांदुऱ्याला उतरून आले होते. धोतराला कोळशाची काजळी होती. खाली उतरताच त्यांनी भाच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

"अक्का, पोरगं लईच वाळलं गं."

"म्हनून तर तुले बोलावलं, वामन."

"त्याला सांगितलंस का?"

"नाई. तू सांग. माह्या तोंडून निंगत नाई."

मामांनी बाजेजवळ जाऊन विचारलं, "काय रं भाच्या, पाय कसा हाय?"

"आहे जागेवर," इंद्रभान म्हणाला आणि मामांच्या पाया पडायला उठू लागला. अन्नपूर्णाबाई धावल्या. त्यांनी त्याच्या काखेत हात घातला. "राहू दे, राहू दे. मामा काई परका नाई."

इंद्रभान अर्धा उठलेला पुन्हा बसला. मामांच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. त्यांनी कुंपणाच्या ताटीपलीकडे पाहिलं. तिथे दिवसाउजेडी हिरवा काळोख होता, आणि त्या काळोखातून पाटाच्या पाण्याचा आवाज येत होता.

*

पानं निवडायचा मांडव मळ्याला लागूनच होता. वर गवताचं छप्पर, खाली ओलं गोणपाट. थोरली सून सरस्वतीबाई तिथली मुखत्यार. पान हातात घेतलं की ते कोवळं की जून, डागाचं की स्वच्छ, हे तिच्या बोटांना कळायचं आणि पान आपल्या गड्डीत जाऊन पडायचं. आज तिची बोटं चालली होती, पण लक्ष धाकट्या जावेकडे होतं. कोकिळा मान वर करत नव्हती.

"मामा काऊन आले, तुले ठाव आहे," सरस्वतीबाई म्हणाली.

कोकिळेनं पान ओल्या गोणपाटावर ठेवलं. "हाव."

"सांगशीन का?"

"त्यायचं देऊळगावले पानाचं दुकान आहे. बालाजीच्या देवळाच्या वाटेवर. तठी ह्यायले बसवतो म्हनतात. खोली बी देतात राह्याले." ती थांबली. "म्याच आत्याबाईले म्हनलं होतं, मामाले बोलवा म्हनून."

सरस्वतीबाईची बोटं थांबली. "तू?"

"म्या पाह्यलं न मोठीबाई. तुमी तवा घरी होत्या. म्या भाकरी घेऊन आल्ती. माह्या डोयासमोर झाड मोडलं." तिचा आवाज अगदी साधा होता, जणू दुसऱ्या कुणाचं सांगत होती. "दुकानात शिडी नसते. जमिनीवर गादी असते."

सरस्वतीबाईला राग यायला हवा होता. घर फोडायची गोष्ट धाकट्या जावेनं परस्पर सासूच्या कानात घातली होती. पण राग आला नाही. माघात तिनं स्वतःच इंद्रभानाला या मांडवात आणून बसवलं होतं. बसून करायचं काम, पायाला ताण नाही. त्यानं पानंही नीट निवडली. पण तो आला की बायांची बोलणी बंद व्हायची. गाणं थांबायचं. कुणी पदर सावरायचं, कुणी उगाच खोकायचं. चार दिवसांनी तो म्हणाला, "वैनी, माह्यामुळं तुमचं सगळ्याईचं तोंड शिवल्यावानी झालं," आणि यायचा थांबला. त्याआधी अर्जुनरावानं त्याला फाटकाशी बसवून पाहिलं होतं, येणारीजाणारी टोपली राखायला. तेव्हा दोन दिवसांत तो म्हणाला होता, "दादा, बुजगावन्याले निदान मडक्याचं डोकं असते. लोक हसतात तरी त्याले पाहून."

सरस्वतीबाईला त्या माघातली एक गोष्ट आठवत होती. पानं निवडून झाली की तो मांडवाच्या खांबाला टेकून बसायचा, आणि मांडीवर त्याचे दोन्ही हात आपोआप चालायचे. डाव्यानं वेल धरल्यासारखा, उजव्यानं लव्हाळ्याची पात फिरवून गाठ मारल्यासारखी. हातात काही नसायचं. तो कुठे पाहतोय हेही कळायचं नाही. एक गाठ, मग वरची, मग त्याच्या वरची.

"कोकिळे," ती म्हणाली, "दुकानात बसून त्याचे हात काय करतीन?"

कोकिळेनं एक पान उचललं, उजेडात धरलं, आणि बराच वेळ त्याच्या शिरा पाहत राहिली.

*

ऊन कलल्यावर सगळे त्याच मांडवात जमले. कामाच्या बाया घरी गेल्या होत्या. मामा खाटेवर, अर्जुनराव उकिडवा, अन्नपूर्णाबाई खांबाला टेकून. इंद्रभान गोणपाटावर एक पाय लांब करून बसला. दोघी सुना आतल्या बाजूला, पदर पुढे घेऊन. शालिग्राम नावाचा गडी लव्हाळ्याच्या पाती भिजत घालत होता. इंद्रभान पडल्यापासून त्याच्या ओळी हाच शालिग्राम पाहत होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

मामांनी दुकानाचं सांगितलं. देवळाची गर्दी, आश्विनातली यात्रा, जालन्याची मोटार दारावरून जाते. ते सांगत होते प्रेमानंच. "बसून काम हाय. सावलीतलं हाय. अर्जुना, तुझ्या डोक्याचा घोर जाईल, अक्काचाबी जाईल."

"माही ना नाई," अर्जुनराव म्हणाला. तो जमिनीकडे पाहत होता. "उद्या उतरन लागते, सगळे वेल खाली घ्याचे. मले शालिग्रामच्या जोडीले अजून एक मानूस पाह्यजे. इंद्रभानची सोय होत असन तर..."

"सोय होते म्हनजे?" सरस्वतीबाई पदराआडून म्हणाली. "भाऊ आहे का टोपलं आहे, इकडून उचललं तिकडं ठेवलं?"

"तू गप."

"काऊन गप? सात महिने झाले, सगळे त्याची सोयच करून राह्यले."

अन्नपूर्णाबाईंनी हात जोडल्यासारखे केले. "माय माहे, भांडू नका. मले एवढंच कयते का माहं लेकरू पुन्हा त्या झाडाखाली जाऊ नये. पान द्या, सुपारी द्या, बसल्या जागी दोन घास खाईन. मले अजून काय पाह्यजे?"

"खरं हाय अक्का," मामा म्हणाले.

मग काही वेळ सगळेच इंद्रभानाविषयी बोलत राहिले. त्याला थंडी सोसते का, त्याला जिना चढावा लागेल का, त्याच्यासाठी बाज न्यावी की तिथेच घ्यावी. संध्याकाळचा उजेड ताटीच्या फटींतून येऊन सगळ्यांच्या अंगावर हिरव्या-पिवळ्या रेघा ओढत होता. त्या रेघांत बसलेल्या इंद्रभानाला ती बोलणी विहिरीतल्या बोलण्यासारखी घुमून ऐकू येत होती. इंद्रभान नावाच्या कुणा माणसाची व्यवस्था चालली आहे, आणि तो माणूस बरा असावा, असं काहीसं त्याला वाटत होतं.

"मामा," तो म्हणाला.

सगळे थांबले.

"दुकानात पान कुठचं येते?"

मामा हसले. "तुमचंच की रं. हितूनच तर जातंय."

"म्हनजे दादाच्या हातचं पान माह्याकडं येईन, मी थे धुऊन गिऱ्हाइकाले देईन."

"हां."

"बरं आहे," इंद्रभान म्हणाला. "पन मी अजून खाली पोचलोच नाई, मामा."

"कुठं पोचला नाईस?"

"श्रावनात पडलो न. डोळा लागला का पडून राह्यतो. झाड जाते, शिडी जाते, हिरवं हिरवं वर जाते माह्या बाजूनं. जमीन येतच नाई. मंग जाग येते. जाग आल्यावर बी वाटते का अजून हवेतच आहे. तुमी सगळे बोलता थे मले वरून ऐकू येते." त्यानं अर्जुनरावाकडे पाहिलं. "दादा, पायाचं सोड. पाय दुखते पन चालते. मले शिडीचं भेव वाटते. भल्लं भेव. म्हनून मी फाटकाच्या आत येत नाई. तुले वाटलं असन, आळस भरला याच्या अंगात."

अर्जुनरावाला खरोखर तसंच वाटलं होतं. रोज सकाळी बाजेवर पडलेला भाऊ पाहून तो मान वळवून मळ्यात जायचा. घरात सगळ्यांनी मिळून एका पायाची काळजी वाहिली होती, आणि भीती बिचारी कुणाला दिसलीही नव्हती.

कोपऱ्यातून शालिग्राम हळूच म्हणाला, "भेव मले बी वाटते, मालक. थ्या दिवसापासून पांगाऱ्याले शिडी लावायच्या आधी मी खोड ठोकून पाह्यतो. आवाज पोकळ आला का त्याच्यावर जात नाई. म्या कोनाले सांगतलं नाई, हसतीन म्हनून." मग त्याला काही सुचल्यासारखं झालं आणि तो चाचरला. "पन धाकले मालक कामावर आले, तर मंग माहं..."

त्याचं वाक्य अर्धंच राहिलं. पुढचं सगळ्यांना कळलं.

अर्जुनराव उठला. मांडवाच्या कडेला जाऊन ताटीच्या फटीतून आत पाहत उभा राहिला. वर, पार वर, माणसाच्या दुप्पट उंचीवर वेलांचे शेंडे वाऱ्यावर हलत होते. उद्यापासून हे सगळं खाली यायचं होतं. वर्षानुवर्षं तो हे करत आला होता. बापानं त्याला लहानपणी आधी उतरणीतच कामाला लावलं होतं, कारण तेव्हा वेल पोराच्या हाताला लागतो. हे त्याला आता, आत्ताच आठवलं.

तो पाठमोराच म्हणाला, "इंद्रभान, उद्या वेल कुठी असन?"

"खाली."

"चैत्रात?"

"टोंगयाएवढा असन."

"आखाडीले?"

इंद्रभानाचा हात आपोआप वर आला. "छातीले लागन."

अर्जुनराव वळला. "मंग शिडी लागते कोनाले? वेल जमिनीवर येऊन राह्यला तुह्यासाठी. बसून बांध. थो उठन तसा तू उठ. जठी तुहं मन नाई म्हनन, तठून वरचं शालिग्राम पाहीन. शालिग्राम कुठी जात नाई, मले दोघं बी लागतात."

"अन् वेल डोक्याच्या वर गेल्यावर?" अन्नपूर्णाबाई पुढे सरकल्या. "मंग लावशीन त्याले शिडीले?"

"मी नाई लावनार, माय. थोच सांगन."

"नको! वामन, तू काई बोल न. कोकिळे, तूच म्हनत होती न मले?"

सगळ्यांच्या माना कोकिळेकडे वळल्या. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, ती आजवर एक शब्द बोलली नव्हती. ती उठून उभी राहिली, खांबाआड गेली, आणि सासूला सांगावं तसं बोलली.

"आत्याबाई, म्याच म्हनलं होतं. मले वाटे हे रातीचे झोपतात. मले काय ठाव, हे पडून राह्यतात म्हनून. देऊळगावले गेलो तरी हे तठी बी पडतच राह्यतीन." तिनं पदर घट्ट धरला. "ह्यायलेच इचारा. आपन सगळे सांगून राह्यलो, ह्यायले कोनी इचारलं नाई."

मामांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "बोल रं बाबा. तुझी काय मर्जी हाय?"

इंद्रभान आपल्या हातांकडे पाहत होता. "एक ओळ द्या," तो म्हणाला. "पाटाच्या बाजूची. बसाले एखादी तिवई. अन् माह्या हातातून कोनी काई घेऊ नका."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटकाशी येऊन थांबला. वाहणा काढल्या. पानमळ्यात पायताण घालून जात नाहीत. आखूड पायाखालच्या वाहणेला चांभारानं चामड्याचे थर दिलेले होते. ते गेल्यावर तो एका बाजूला कलला. कोकिळा मागे होती, तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला. तो कललेलाच आत गेला.

आत थंडावा होता. तळवे ओल्या मातीत बुडाले. पानांचा तिखट, ओला वास नाकात शिरला आणि सगळा उजेड हिरवा झाला, हात हिरवे, धोतर हिरवं. वरून शालिग्राम गाठी कापत होता आणि वेल सळसळत खाली येत होते, ढिले, लांब, झोपेतल्या माणसाचा हात बाजेवरून खाली लोंबावा तसे. इंद्रभान तिवईवर बसला. पहिला वेल त्याच्या मांडीवर आला. त्यानं त्याचं वेटोळं केलं, बुडाशी खळग्यात ठेवलं, वर खत-माती ओढली, थापली. शेंडा आधाराच्या शेवरीच्या झाडाला लावून लव्हाळ्याची गाठ मारली. मातीत कोपरापर्यंत हात गेलेले त्याला बरे वाटले. मग दुसरा वेल. मग तो किती वेळ ते करत राहिला, त्याला कळलं नाही. जेवणाची हाक आली ती ऐकली नाही. अर्जुनरावानं एकदा येऊन पाहिलं, काही म्हणावंसं वाटलं, पण आदल्या दिवशीचं आठवून तो तसाच परत गेला.

तिसऱ्या दिवशी मांडी सुजली. इंद्रभानाला बाजेवरून उठता येईना. अन्नपूर्णाबाई मोठ्यानं रडल्या. "म्या सांगतलं नव्हतं? वामन, अजून गेला नाईस तू, बरं झालं. घेऊन जाय याले!"

मामा बाजेच्या पायथ्याशी बसले. कोकिळा वाळू भाजून पुरचुंडीनं शेकत होती. इंद्रभानानं तोंड भिंतीकडे केलं होतं. त्याला वाटत होतं, झालं, एवढंच होतं ते.

संध्याकाळी अर्जुनराव आला. हात धुतलेले नव्हते, नखांत माती होती.

"तुही ओळ अर्धी झाली," तो म्हणाला. "उरलेली तशीच आहे. कोनी हात लावनार नाई."

"वाळून जातीन वेल. शालिग्रामले दे."

"ओल्या पोत्यानं झाकून ठेवले. दोन दिस काई होत नाई." तो बाजेवर टेकला. "चूक माही झाली. डॉक्टर म्हनला होता, थोडं थोडं. म्या तुले मोकळा सोडला जसा बैल सोडते. आता ऊन इहिरीवर आलं का तू उठायचं. काम राह्यलं तरी उठायचं. मी सांगीन."

"तू सांगशीन अन् मी ऐकीन?"

"नाई ऐकशीन तर सरस्वतीले पाठवीन."

दाराशी उभी असलेली सरस्वतीबाई हसली. इंद्रभान हसला नाही, पण त्याचं तोंड भिंतीकडून इकडे वळलं.

मामा आणखी दोन दिवस राहिले. निघताना बहिणीला म्हणाले, "अक्का, गादी मोकळीच ठेवतो. पर तो येनार नाई. त्याच्या अंगाला मातीचा वास यायला लागलाय."

दमणी गेल्यावर अन्नपूर्णाबाई कितीतरी वेळ धुळीकडे पाहत उभ्या राहिल्या.

मग चैत्र आला. इंद्रभान सकाळी यायचा आणि ऊन विहिरीवर आलं की उठायचा. पुढे पुढे ऊन विहीर ओलांडून मांडवावर यायला लागलं, तरी तो असायचा. वेल वाढत होते. एवढ्या हळू की दिसू नये, आणि एवढ्या लवकर की सकाळी बांधलेली गाठ दोन दिवसांनी जुनी वाटावी. त्याच्या गुडघ्याशी आले. तिवईवर बसल्या बसल्या छातीशी आले, तेव्हा तो उभा राहून बांधायला लागला. उभं राहून मांडी भरून यायची, मग थोडा वेळ पुन्हा बसायचा. त्याला पाहून कुणी थांबत नव्हतं. पाऊस सुरू झाला, मळ्यात अंधार दाटला, आणि त्या अंधारात दोन ओळींपलीकडून शालिग्राम त्याला गावातल्या गमती सांगायचा. तोही एखादी सांगायचा. झोपेत पडणं अजून यायचं. पण आता कधी कधी शेवटी माती लागायची, ओली, आणि तो कूस बदलून झोपून जायचा.

नागपंचमीला मळ्यात वेलाची पूजा झाली. त्या दिवशी पान तोडत नाहीत. अन्नपूर्णाबाई दूध घेऊन आल्या आणि लेकाची ओळ पाहत उभ्या राहिल्या. वेल त्याच्या डोक्याला लागले होते. त्यांनी एक गाठ बोटानं चाचपली आणि निघून गेल्या.

भाद्रपदात वेल वर गेले. त्या सकाळी इंद्रभान स्वतःच शालिग्रामला म्हणाला, "शिडी आन."

शालिग्रामनं शेवरी ठोकून पाहिली. मग शिडी लावली, आणि दोन्ही हातांनी धरून खाली उभा राहिला. इंद्रभान पहिल्या पायरीवर चढला. दुसऱ्या. कानात गरगर झालं, हिरवं सगळं बाजूनं वर निघालं. त्यानं शेवरीला मिठी मारली. साल ओली होती, गालाला गार लागली.

"उतरता का मालक?"

"थांब."

तो बराच वेळ तसाच राहिला. पाटाचं पाणी वाजत होतं. मग त्यानं एक हात सोडला, कंबरेची लव्हाळ्याची पात काढली आणि समोरचा वेल बांधला. मग शेजारचा. मग उतरला. अंग घामानं भिजलं होतं.

"याच्या वर मी जात नाई," तो म्हणाला. "याच्या वरचे तुहे."

"बरं," शालिग्राम म्हणाला, आणि शिडी उचलून पुढच्या शेवरीला लावली.

असंच ठरून गेलं. दोन पायऱ्यांपर्यंत इंद्रभान, वर शालिग्राम. कुणी ते ठरवलं असं नाही. दसऱ्यापर्यंत घरातही कुणाला त्यात बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आणि कार्तिकातल्या एका सकाळी, धुकं अजून कुंपणावर बसलेलं असताना, मळ्यातून अर्जुनरावाचा आवाज आला.

"ह्या गाठी कोनं मारल्या बे? गळा आवळल्यावानी! वेल जगन का मरन?"

मांडवातल्या बायांचे हात थांबले. सव्वा वर्षात इंद्रभानाला कुणी चढ्या आवाजात बोललं नव्हतं. कोकिळेच्या हातातलं पान तसंच राहिलं. सरस्वतीबाईनं कान टवकारले. पानांवरून दव पडलेलं ऐकू आलं.

मग इंद्रभान ओरडला. "तुले काय कयते रे दादा गाठीतलं? ढिली मारली असती तर परवाच्या वाऱ्यात सगळे खाली आले असते! तुह्या ओळीतले आले न? आले का नाई?"

"माह्या ओळीचं काढू नको!"

"काऊन काढू नको? तूच सुरू केलं!"

"अबे, तोंड सांभाळून बोल!"

"तू सांभाळ!"

कोकिळेनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते, आणि ती हसतेय की रडतेय हे शेजारच्या बाईला कळेना.

वाटेवरून भाकरीची टोपली घेऊन येणाऱ्या अन्नपूर्णाबाई ताटीशी थांबल्या. आतलं भांडण त्यांनी नीट ऐकलं, दोन्हीकडचं. नदीवर पाणी भरायला निघालेली एक म्हातारी घाबरून जवळ आली.

"काय झालं वं बाई? लेकं भांडून राह्यले का तुहे?"

अन्नपूर्णाबाईंनी टोपली खाली ठेवली आणि तिथंच दवानं भिजलेल्या गवतावर बसून घेतलं.

"काई नाई वं," त्या म्हणाल्या. "काम चालू आहे त्यायचं."